गोदावरीच्या तीरावरचं वॉटर्लू

हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात चारुदत्त क्षेमकल्याणी एकोणचाळीस वर्षं 'चार्ली' होते. आडनाव उच्चारायचा प्रयत्न एका फोरमनने एकदाच केला होता आणि अर्ध्यावर सोडून दिला होता. मराठी मंडळींत ते चारुकाका. आणि वर्षातले चार-पाच रविवार, कुणी नवं घर घेतलं की, तीन तासांपुरते गुरुजी.

हे गुरुजीपण त्यांच्या गळ्यात पडलं त्याची गंमतच आहे. वडील, म्हणजे अण्णा, जुन्या नाशकातले भिक्षुक. मुंजीनंतर चार वर्षं अण्णांनी मुलाकडून सगळं पाठ करून घेतलं. ते झाल्यावर मुलाने ठरवलं, आपण लोखंडात शिरायचं. धातुशास्त्र शिकले आणि १९७० साली कॅनडाला निघाले. निघताना अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पोथी लाल फडक्यात बांधून पुढे केली.

"अण्णा, मी तिकडे भट्टी सांभाळायला चाललोय."

"अग्नी तो अग्नीच. असू दे जवळ."

नऊ वर्षं पोथी ट्रंकेत राहिली. मग कारखान्यातल्याच राजन नाडगौडाने घर घेतलं आणि त्याच्या आईचं बेळगावहून पत्र आलं, की वास्तुशांत केल्याशिवाय त्या घरात चूल पेटवायची नाही. तेव्हा तिथे गुरुजी कुठले मिळायला! राजन सरळ चारुदत्तांच्या दारात येऊन उभा राहिला. "तुला येतं ना? मग चल, बस पाटावर. आठ दिवस सँडविच खाऊन पोरं रडकुंडीला आलीत."

ते जे बसले, ते बसतच गेले. दक्षिणा घ्यायचे नाहीत. नारळ घ्यायचे, बायकोच्या, म्हणजे अरुणाकाकूंच्या, ओटीतलं ब्लाउजपीस घ्यायचे आणि पुरण असलं तर डब्यात घालून न्यायचे. घरात शिरल्यावर त्यांचं पहिलं काम एकच. खिशातून हॉटेलातली शॉवर कॅप काढायची, खुर्चीवर चढायचं आणि छतावरच्या स्मोक अलार्मला ती टोपी घालायची. मग टर्की भाजायचा कोरा ॲल्युमिनियमचा ट्रे, त्यात विटा, त्यावर होम. समिधा भारतातून कुणी आणल्या तर ठीक, नाहीतर मेपलच्या वाळक्या काटक्या. देवाला कळतं, म्हणायचे.

पोथी समोर चौरंगावर असायची, फूल वाहिलेली, पण मिटलेली. सगळं पाठ असताना उघडायची कशाला? या गोष्टीचा त्यांना बारीकसा अभिमानही होता. पोथीची फक्त मागची कोरी पानं ते उघडत. पूजा झाली की तिथे यजमानाचं नाव आणि तारीख लिहायची. २०१७ च्या जूनपर्यंत तिथे एकशे त्रेचाळीस नावं झाली होती.

एकशे चव्वेचाळिसावं नाव वॉटर्लूच्या निमिष देवपुजारीचं व्हायचं होतं.

निमिष आणि अनुया नागपूरचे, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांनी वॉटर्लूत छोटंसं टाउनहाऊस घेतलं होतं. भाड्याच्या अपार्टमेंटची मुदत तीस जूनला संपत होती, चार जुलैला आषाढी, म्हणजे चातुर्मास लागणार. तेव्हा त्याआधीचा एखादा रविवार पाहिजे, असा अनुयाचा फोन आला. "काका, सासूबाई खास यासाठी आल्यात नागपूरहून. त्या म्हणतात, शांत झाल्याशिवाय मी त्या घरात उशीला डोकंसुद्धा टेकणार नाही. आणि काका," इथे तिने आवाज खाली आणला, "त्या तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवायच्या. तर जरा... म्हणजे तुम्ही काय, उत्तमच सांगता."

"अगं, बरंच झालं की," काका हसून म्हणाले. "कुणीतरी ऐकणारं भेटेल."

अठरा तारखेच्या रविवारी ते आणि अरुणाकाकू तासाभराचा रस्ता कापून वॉटर्लूला पोचले. गावात नवी ट्रेन यायची म्हणून किंग स्ट्रीट ठिकठिकाणी खणून ठेवला होता. वळसे घेत घेत घर सापडलं. अलार्मला टोपी घातली, चौरंग मांडला, कलशावर नारळ ठेवला. निमिषच्या आई, ताराबाई देवपुजारी, भिंतीला टेकून खुर्चीवर बसल्या होत्या. बारीक अंगकाठी, जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर दोन्ही हात. वर्गात परीक्षा चालू असताना मागच्या बाकावर बसलेल्या बाई दिसाव्यात, तशा.

आचमन झालं. निमिषच्या उजव्या हातात पाणी, अक्षता, सुपारी दिली आणि काकांनी संकल्प सुरू केला. संकल्प म्हणजे देवाला सांगायचं, की अमुक युगात, अमुक देशात, अमुक नदीच्या काठी, अमुक दिवशी, अमुक गोत्राचा मी हे कर्म करतो आहे. काकांचा संकल्प ऐकण्यासारखा असे. उताराला लागलेल्या सायकलीसारखा सुटायचा. कल्प, मन्वंतर, कलियुग, भरतखंड, जंबुद्वीप असं करत ते "दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे" इथपर्यंत आले आणि...

"थांबा, गुरुजी."

सायकल थांबली.

"गोदावरी कुठे आहे इथे?" ताराबाईंनी विचारलं.

काकांना आधी प्रश्नच कळला नाही. "म्हणजे?"

"म्हणजे काय बाप्पा! आता तुम्ही म्हणालात ना, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. निमिषनं घर घेतलंय वॉटर्लूला. तुम्ही शांत करताय नाशकात."

कुणीतरी फिसकन हसलं. निमिष तळहातावरचं पाणी सांडू नये म्हणून हात आवळून तसाच बसला होता. चारुकाकांच्या डोक्यात मात्र एकाच वेळी शंभर दिवे लागले. प्रत्येक दिव्याखाली एकेक घर होतं, हॅमिल्टनमधलं, ब्रॅम्पटनमधलं, एक तर थेट किंग्स्टनचं. आणि प्रत्येक घराच्या दारातून गोदावरी वाहत होती. अण्णा नाशकात जे म्हणत, ते जसंच्या तसं जिभेवर बसलं होतं. अडतीस वर्षांत ना त्यांनी स्वतः ऐकलं होतं, ना कुणी यजमानाने. यजमानाचं लक्ष कुकरकडे नाहीतर पोरांकडे.

"चूक झाली," ते म्हणाले. कान लाल झाले होते. "तुम्ही सांगा, बाई. काय म्हणू?"

"गावाचं नाव घ्या, नदीचं घ्या. साधी गोष्ट आहे."

"वॉटर्लू ग्रामे..."

"नाही!" ताराबाई एवढ्या जोरात म्हणाल्या की अनुयाच्या हातातली उदबत्ती हलली. मग त्या जरा ओशाळल्या. "तसं नाही... या नावावरच माझं मन अडतं हो. आमचे हे इतिहास शिकवायचे. नेपोलियन तिथे हरला, म्हणून आमच्या घरात कुणी हरलं की त्याचं वॉटर्लू व्हायचं. निमिष चित्रकलेत नापास झाला, वॉटर्लू. माझी भाकरी तव्याला चिकटली, वॉटर्लू. नोकरी लागली तेव्हा हा फोनवर म्हणतो, आई, मी वॉटर्लूला चाललो. मी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि आज तारीख काय? अठरा जून. हे दर वर्षी या तारखेला वर्गात ती लढाई फळ्यावर काढायचे. त्याच तारखेला, त्याच नावावर माझ्या मुलानं हातावरून पाणी सोडायचं?"

"आई, जगभर लोक राहतात इथे," निमिष म्हणाला. "युनिव्हर्सिटी आहे. कुणी हरत नाही."

"तू गप्प बस. हात सरळ धर."

शेवटी ताराबाईंनीच मार्ग काढला. त्या दिवशी साधी पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, स्वयंपाक वाया घालवायचा नाही. शांत पुढच्या रविवारी. "पण गुरुजी, तोवर मला या नावाचा अर्थ आणून द्या. लढाईच्या आधीही त्या गावाला नाव असेलच की. ते कुणी आणि काय म्हणून ठेवलं? अर्थ कळला की मग बघू."

परतताना गाडीत अरुणाकाकू खिडकीबाहेर बघत बसल्या. अण्णांच्या मुलाची आज काय दशा झाली असेल, हे त्या जाणून होत्या. पण केंब्रिजचा एक्झिट गेल्यावर त्यांच्याने राहवेना. त्या आधी बारीक हसल्या, मग डोळ्यांना पदर लावून हसल्या.

"हसा," काका म्हणाले.

"अहो, तसं नाही. पण अडतीस वर्षं तुम्ही नाशिकची केवढी शांत केलीत! एका गावाला एवढं पुण्य आणखी कुणी पाठवलं असेल का?"

काका हसले नाहीत. घरी आल्यावर जेवलेही नाहीत. देवासमोर बसून त्यांनी लाल फडकं सोडलं आणि पोथी उघडली. या वेळी मागून नाही, पुढून. संकल्पाचं पान निघालं. अण्णांचं गोल, ठसठशीत अक्षर. कलियुग, प्रथम चरण... आणि जिथे दंडकारण्य आणि गोदावरी असायला हवी होती तिथे अण्णांनी लिहिलं होतं, 'अमुक देशे, अमुक नद्याः तीरे'. समासात बारीक अक्षरात टीप होती: 'जिथे असाल तिथले म्हणावे.'

मुलगा कुठे जाऊन राहील, हे अण्णांना माहीत नव्हतं. म्हणून त्यांनी जागा मोकळी सोडली होती. आणि मुलाने सगळं पाठ आहे म्हणून ते पान सत्तेचाळीस वर्षांत उघडलं नव्हतं.

"अरुणा," ते म्हणाले, "मी यापुढे पाटावर बसणार नाही. देवपुजाऱ्यांचं काम अर्धं राहिलंय, तेवढं पुरं करतो. तेही जमलं तर. पण या एकशे त्रेचाळीस घरांना मी सांगायला हवं."

अरुणाकाकूंनी वाद घातला नाही. चहा ठेवला आणि फोनची डायरी आणून दिली.

सोमवारी सकाळी पहिला फोन राजनला. यादीत पहिलं नाव त्याचंच. काकांनी सगळं सांगितलं आणि क्षमा मागितली.

"म्हणजे चारू, तू माझं घर गोदावरीच्या काठावर बांधलंस?"

"तसंच झालं रे."

"तरीच! तरीच माझं बेसमेंट चार वेळा भरलं! मी प्लंबरला शिव्या घालतोय. अरे, नदी तू आणून सोडलीस!"

"राजन, मी गंभीरपणे बोलतोय."

"मी पण. बेसमेंटमधलं पाणी उपसायला नवा संप पंप बसवला ना मी, त्याला आता हळदकुंकू वाहतो."

दुसऱ्या एकाने विचारलं, काका, माझा नाशिकचा फ्लॅट सहा वर्षं विकला जात नव्हता, तो त्या शांतीनंतर तीन महिन्यांत गेला, तो हाच परिणाम का? कुणी म्हणालं, परत करायची असेल तर जरूर या, त्या निमित्ताने पुरणपोळी होईल. एकाही घरी कुणी रागावलं नाही, आणि काकांना तेच जास्त लागत होतं. कुणी रागावलं असतं तर निदान कुणीतरी ऐकलं होतं असं झालं असतं.

मग ब्रॅम्पटनच्या वनिता चिपाडेचा फोन लागला. ती सिन्नरची. तिची शांत २००४ सालची, भर थंडीतली. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मला माहीत होतं, काका."

"काय?"

"तुम्ही गोदावरी म्हणालात ते. मी ऐकलं होतं. येऊन दोन महिने झाले होते, बाहेर गुडघाभर बर्फ, हे ट्रकवर आठ-आठ दिवस बाहेर. मला वाटायचं, इथे माझं कुणीच नाही. आणि तुम्ही पाटावर बसून गोदावरी म्हणालात. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग मस्त भजी तळली. चूक असली तर असू दे. मी नाही परत करणार."

काका म्हणाले, "भजी चांगली झाली होती. आठवतंय मला."

वनिताच्या बोलण्याने मन हलकं झालं, पण संकोच गेला नाही. तिचं समाधान तिच्यापाशी. अण्णांनी सोडलेली मोकळी जागा आपण भलत्याच नावाने भरली, ती भरलीच.

दर मंगळवारी सकाळी कारखान्यातले चार निवृत्त म्हातारे डोनटच्या दुकानात कॉफीला जमत. त्यातला हेंड्रिक हॉलंडचा. लहानपणी आईवडिलांबरोबर बोटीने आलेला, आता टोमॅटो आणि ट्युलिप लावण्यात दिवस घालवणारा. काकांनी त्याला वॉटर्लूचं विचारलं.

"ते नाव आमचंच आहे, चार्ली," हेंड्रिक खूश होऊन म्हणाला. "आम्ही वाटर्लो म्हणतो. गाव बेल्जियममध्ये आहे, आज तिथले लोक फ्रेंच बोलतात, पण नाव जुनं डच."

"अर्थ काय पण?"

"वॉटर म्हणजे पाणी, ते तर तुलाही कळतं. लो म्हणजे रान. रानातली मोकळी जागा म्हण. माझ्या आईचं गाव आल्मेलो, त्यातही तेच. वाटर्लो म्हणजे पाणथळ रान. गाई चरत असतील, बेडूक ओरडत असतील. बस, एवढंच."

"आणि नेपोलियन?"

हेंड्रिकने डोनटचा तुकडा हवेत धरला. "तो वॉटर्लूला हरलाच नाही! लढाई झाली तिथून काही मैल खाली, दुसऱ्याच शिवारात. इंग्रज सेनापतीचा मुक्काम वॉटर्लूत होता. जिंकल्याचं पत्र त्यानं तिथे बसून लिहिलं, म्हणून लढाईला त्या गावाचं नाव लागलं. त्या बिचाऱ्या गावात पोस्ट ऑफिसचं काम झालं फक्त."

"मग इंग्रजीत हरण्याला वॉटर्लू का म्हणतात? इंग्रज तर जिंकले."

"जिंकले म्हणूनच तर. आपल्या गावांना, पुलांना, स्टेशनांना त्यांनी ते नाव कौतुकानं दिलं. तुझ्या त्या ओंटारियोतल्या वॉटर्लूलाही लढाईनंतर लगेच, त्याच कौतुकात. आणि दुसऱ्याची फजिती झाली की म्हणायचं, याला याचं वॉटर्लू भेटलं. एकच नाव. जिंकलेल्याच्या दारावर पाटी, हरलेल्याच्या तोंडात शिवी."

काका तिथून तडक लायब्ररीत गेले. हेंड्रिकवर विश्वास नव्हता असं नाही, पण धातूचा तुकडा दोनदा तपासल्याशिवाय सही करायची त्यांना सवय नव्हती. शब्दांची कुळं सांगणारा एक जाडजूड कोश त्यांनी टेबलावर घेतला. डच 'लो'चं नेमकं काय, रान की रानातली मोकळी जागा की ओलं कुरण, यावर पंडितांचं एकमत नव्हतं. पण त्या नोंदीत त्याच शब्दाचे दूरदेशीचे नातेवाईक दिले होते. लॅटिनमधला एक, देवराई अशा अर्थाचा. लिथुएनियातला एक, शेताच्या अर्थाचा. आणि शेवटी संस्कृत. तो शब्द वाचून काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मग एका चिठ्ठीवर जपून उतरवून घेतला. बाईंना फोनवर सांगायचा मोह त्यांनी आवरला. चुकून काही उलटं निघालं तर? एकदा तोंड पोळलं होतं.

पंचवीस तारखेच्या रविवारी पुन्हा तोच चौरंग, तोच कलश. ताराबाई त्याच खुर्चीवर. काका पाटावर बसायच्या आधी त्यांच्यासमोर उभे राहिले. त्यांनी हेंड्रिकचं सगळं सांगितलं. पाणथळ रान, बेडूक, दुसऱ्या शिवारातली लढाई, पत्राची गोष्ट. ताराबाई एकेका वाक्याला मान हलवत होत्या.

"म्हणजे आमचे हे जन्मभर भलत्याच गावाला नावं ठेवत होते," त्या म्हणाल्या. "बरं झालं, नाहीत ऐकायला. आणखी?"

"आणखी एक आहे. पण ते तुम्ही तपासायचं, बाई." काकांनी चिठ्ठी पुढे केली. "हा 'लो' आणि आपला हा शब्द एकाच मुळाचे आहेत, असं कोशात दिलंय."

ताराबाईंनी चिठ्ठी भिंगाजवळ नेली. "लोक," त्यांनी वाचलं. निमिष, अनुया, जमलेले पाहुणे, सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"आई, बरोबर आहे का?"

"थांब जरा." त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. तीस वर्षांपूर्वीचं काहीतरी मनात धुंडाळत असाव्यात. मग डोळे उघडले. "इहलोक, परलोक म्हणतो तो अर्थ नंतरचा. वेदांमध्ये लोक म्हणजे मोकळी जागा. राहायला, ऐसपैस वावरायला मिळालेली मोकळी जागा. ऋषी देवापाशी तीच तर मागतात." त्या खुर्चीवरून हळूहळू उठल्या आणि खिडकीपाशी गेल्या. मागच्या अंगणाला कुंपण नव्हतं. गवत उतरत उतरत ओढ्यापर्यंत गेलं होतं, पलीकडे झाडं. "पाण्याजवळची मोकळी जागा. अनुया, तू हे घर बघायला आलीस तेव्हा मला फोनवर काय म्हणाली होतीस?"

"हेच की, आई. आत खोल्या लहान आहेत, पण मागे मोकळी जागा आहे आणि पाणी आहे."

"मग झालं तर," ताराबाई म्हणाल्या. "बसा, गुरुजी. नदी कोणती?"

"ग्रँड. गाव तिच्या पश्चिमेला."

"नावातच मोठी आहे म्हणा की. चालेल."

काकांनी पाटावर बसून पोथी उघडली आणि बोट 'अमुक'वर ठेवलं. अडतीस वर्षांची सायकल या वेळी त्यांनी हातात धरून चालवली. कॅनडादेशे म्हणाले, ओंटारियोप्रांते म्हणाले, आणि नदीपाशी येताच जीभ आपोआप "गो..." अशी वळली.

"अंहं," ताराबाई हळूच म्हणाल्या.

"ग्रँडनद्याः पश्चिमे तीरे," काका म्हणाले, "उदकलोके, वॉटर्लूनगरे."

निमिषने ताम्हनात पाणी सोडलं. त्या बारीकशा आवाजाने अरुणाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते कढीलिंबाच्या फोडणीवर ढकललं, फोडणी व्हायला अजून दोन तास होते तरी.

पुढचं सगळं नीट पार पडलं. म्हणजे जवळजवळ. संकल्पाच्या काळजीत काका शॉवर कॅप विसरले होते. होमात तूप पडलं, धूर वर गेला आणि अलार्म असा किंचाळायला लागला की शेजारचे दारात आले. निमिष खुर्चीवर चढून टॉवेल हलवतोय, पाहुणे खिडक्या उघडतायत, आणि ताराबाई शांतपणे म्हणतायत, "ऐकू आलं म्हणावं वरपर्यंत. या वेळी पत्ता बरोबर लागलाय."

शेवटी काकांनी हात जोडले. प्रत्येक पूजेच्या अखेरीस म्हणायची ती क्षमेची प्रार्थना त्यांनी सुरू केली. देवा, मंत्र चुकला असेल, क्रिया राहिली असेल, भक्ती कमी पडली असेल, जे काही उणं झालं असेल ते तू पुरं करून घे. म्हणता म्हणता ते थांबले.

"काय झालं?" ताराबाईंनी विचारलं.

"बाई, हे पुरं झालं. पण मागच्या एकशे त्रेचाळीसांचं काय? वडिलांनी पोथीत जागा मोकळी ठेवली होती, मी बघितलीच नाही. मी ठरवलंय, आजचं शेवटचं. यापुढे पाटावर बसायचं नाही."

ताराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पेपरात सगळं बरोबर लिहून शेवटी ते खोडून टाकणाऱ्या विद्यार्थ्याकडे बघावं, तसं.

"गुरुजी, हे आता म्हणत होतात ते त्या एकशे त्रेचाळीस घरांत म्हणालात का नाही?"

"म्हणालो. रोजचंच आहे ते."

"प्रत्येक घरी?"

"प्रत्येक घरी."

"मग ते काय शोभेला ठेवलंय? मंत्र चुकला असेल तर पुरं करून घे, असं एकशे त्रेचाळीस वेळा मागितलंत. देवानं एकदाही ऐकलं नसेल, असं म्हणायचंय तुम्हाला? केवढा अविश्वास हा! तुमच्या वडिलांना जागा मोकळी ठेवायचं सुचलं, आणि ज्यानं ती प्रार्थना रचली त्याला तुमच्यासारखा कुणी भेटेल हे सुचलं नसेल होय?"

ही प्रार्थना काका पूजा आटोपल्याची खूण म्हणून भराभर म्हणत. हे ऐकलं की बायका उठून पानं घ्यायला लागत. तिच्यात आपल्यासाठी काही असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आपली क्षमा आपणच दर वेळी, न कळत, आगाऊ मागून ठेवली होती.

"म्हणा पुढे," ताराबाई म्हणाल्या. "आणि सावकाश म्हणा. आज ऐकू द्या."

त्यांनी ती पहिल्यापासून म्हटली. सावकाश, एकेक शब्द सोडवून. कुणीही पानं घ्यायला उठलं नाही.

जेवणं उशिरा झाली. ताराबाईंनी स्वतः काकांच्या पानात दुसरी पुरणपोळी वाढली आणि वर तूप ओतताना म्हणाल्या, "आज कुणाचं वॉटर्लू झालं नाही हो." मग जीभ चावली. "सवय आहे, काय करू? आता हा वाक्प्रचार बदलायला हवा. भाकरी चिकटली की दुसरं काहीतरी म्हणावं लागेल."

"नाशिक झालं म्हणा," अरुणाकाकू म्हणाल्या. त्यावर चारुकाका आठ दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी हसले, इतके की ठसका लागला.

निघताना त्यांनी पोथीच्या मागच्या पानावर एकशे चव्वेचाळिसावं नाव लिहिलं. निमिष देवपुजारी, तारीख, आणि त्यापुढे, पहिल्यांदाच, नदीचं नाव. तेवढ्यात फोन वाजला. राजन होता.

"चारू, माझी परत कधी करतोस? या वेळी नदी नको, ओंटारियो सरोवर घाल. लांब आहे जरा."

"तुझी परत करायची गरज नाही," काका म्हणाले. "तुझी एकोणऐंशी सालीच पुरी झाली."

"आणि माझं बेसमेंट?"

"ते प्लंबरकडे. अरे, ऐक, दिवाळीनंतर कुणी घर घेतंय का तुझ्या ओळखीत? चातुर्मास संपला की मी मोकळाच आहे."